वेस्टमिन्स्टरमधल्या टेक आणि इंजिनिअरिंगच्या संसदीय गटांपर्यंत आपलं म्हणणं कसं पोचवायचं

यूकेत आयटी किंवा इंजिनिअरिंगमध्ये असलेल्या आपल्या लोकांच्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं असतं, ह्या खासदारांना टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही आणि कायदे मात्र हेच करतात. तक्रार खरी आहे पण अर्धीच. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ६५० खासदार, त्यात चाय ओनवुरासारख्या चार्टर्ड इंजिनिअर अगदी मोजक्या, बाकीचे वकील, शिक्षक, पत्रकार, युनियनमधले, पक्षात वर चढत आलेले. त्यांनी आज एन्क्रिप्शनवर मत द्यायचं, उद्या मासेमारीवर आणि परवा पेन्शनवर. त्यांना कुणीतरी समजावून सांगायला लागतं, आणि ते काम करायला संसदेच्या आतच गट आहेत, ऑल पार्टी पार्लमेंटरी ग्रुप, सगळे एपीपीजी म्हणतात. एआयचा असतो, सायबर सुरक्षेचा, इंटरनेट आणि टेलिकॉमचा, इंजिनिअरिंगचा, विज्ञानाचा. आपल्यातले फार थोडे लोक त्यांच्यापर्यंत जातात, आणि मला वाटतं ते जायला हवेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हे का महत्त्वाचं ते सांगते, कारण "आपल्याला काय करायचंय" असं म्हणणारेच जास्त. पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण सगळ्यांना माहितीये. १९९९ ते २०१५ मध्ये ९०० हून जास्त सबपोस्टमास्तर, म्हणजे छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारे लोक, चोरी, खोटे हिशोब असल्या गुन्ह्यांत दोषी ठरले, पुरावा काय तर होरायझन ह्या पोस्टाच्या हिशोबाच्या कॉम्प्युटर सिस्टिमने दाखवलेली तूट. आता ह्यातला कायद्याचा भाग बघा. इंग्लंड-वेल्समध्ये आधी असा नियम होता की कॉम्प्युटरचा पुरावा कोर्टात आणायचा असेल तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवायला लागायचं. ही अट किचकट आहे, कामाची नाही, असं म्हणून १९९९ च्या एका कायद्याने ती काढून टाकली, आणि मग उरलं ते गृहीतक, कॉम्प्युटर बरोबरच चालतो, चुकला असं म्हणायचं असेल तर तुम्ही दाखवा. गावातलं छोटं पोस्ट चालवणाऱ्या माणसाने हे कसं दाखवायचं, त्याच्याकडे ना लॉग ना कोड. सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, कॉम्प्युटर बरोबरच चालतो असं कुणी म्हणेल का. हे एक वाक्य त्या वेळी संसदेत पुरेशा जोरात, पुरेशा लोकांना, समजेल अशा भाषेत सांगितलं गेलं नाही, आणि शेवटी २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा एका फटक्यात रद्द कराव्या लागल्या. मधल्या काळात लोक तुरुंगात जाऊन आले, घरं विकली, काही जण हा दिवस बघायला राहिलेच नाहीत.

आणि हे प्रकरण संसदेत लावून धरणाऱ्यांमध्ये जेम्स आर्बथनॉट होते, तेव्हा खासदार, आता लॉर्ड, म्हणजे वरच्या सभागृहाचे, हाऊस ऑफ लॉर्ड्सचे, सदस्य. ते इंजिनिअर नाहीत. ते ह्यात पडले कारण त्यांच्या मतदारसंघातले सबपोस्टमास्तर त्यांच्याकडे गेले. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडणारे.

एपीपीजी म्हणजे काय आणि काय नाही

इथे बहुतेक जणांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबून वाचा. एपीपीजी हा संसदेचा अधिकृत भाग नाही. दोन्ही सभागृहांतले आणि वेगवेगळ्या पक्षांतले सदस्य एका विषयात रस आहे म्हणून एकत्र येतात, गट नोंदवतात, बैठका घेतात, रिपोर्ट काढतात. त्यांना कायदा करायचा अधिकार नाही, मंत्र्याला हजर व्हा म्हणायचा अधिकार नाही, आणि त्यांच्या रिपोर्टला सरकारने उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. म्हणून त्यांच्या प्रत्येक रिपोर्टवर हे कॉमन्स किंवा लॉर्ड्सचं अधिकृत प्रकाशन नाही अशी ओळ छापलेली असते.

सिलेक्ट कमिटी हे वेगळं प्रकरण. सायन्स, इनोव्हेशन अँड टेक्नॉलॉजी कमिटी ही कॉमन्सची अधिकृत समिती, वर ज्यांचं नाव घेतलं त्या चाय ओनवुराच २०२४ पासून तिच्या अध्यक्ष आहेत. ती लोकांना बोलावते, लेखी पुरावा मागवते, आणि तिच्या रिपोर्टला सरकारने साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यावं अशी रीत आहे. लॉर्ड्समध्येही सायन्स अँड टेक्नॉलॉजी कमिटी आणि कम्युनिकेशन्स अँड डिजिटल कमिटी आहेत.

तिसरं म्हणजे पोस्ट, टपालवालं नाही, पार्लमेंटरी ऑफिस ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी, १९८९ पासून आहे. हे संसदेचं स्वतःचं ऑफिस, ते खासदारांसाठी छोट्या नोट्स काढतं, पोस्टनोट म्हणतात, मोजक्या पानांत अख्खा विषय. तुमच्या विषयावरची पोस्टनोट आधी वाचाच, म्हणजे खासदारांना आधीच काय सांगून झालंय आणि कुठल्या पातळीच्या भाषेत, ते कळतं.

मग कुणी म्हणेल एपीपीजीकडे अधिकारच नाहीत तर जायचं कशाला. कारण तिथे ऐकायला बसलेले खासदार खरंच त्या विषयात रस असलेले असतात, वातावरण मोकळं असतं, आणि पुढे तेच लोक सभागृहात प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवतात, सिलेक्ट कमिटीवर जातात. ह्याचं माझं आवडतं उदाहरण कॉम्प्युटर मिसयूज ॲक्टचं आहे. १९८८ मध्ये प्रेस्टेल नावाच्या सिस्टिममध्ये घुसलेल्या दोघांना लॉर्ड्सनी, तेव्हा सर्वोच्च कोर्ट तेच होतं, सोडून दिलं, कारण त्यांच्यावर बनावटगिरीच्या कायद्याखाली खटला भरलेला आणि तो कायदा ह्या प्रकाराला बसतच नव्हता. मग १९९० मध्ये मायकल कॉल्विन ह्या खासदाराने खाजगी विधेयक आणलं आणि कायदा झाला. पुढे इंटरनेट आलं, डिनायल ऑफ सर्व्हिसचे, म्हणजे खोट्या विनंत्यांचा मारा करून साईट बंद पाडायचे, हल्ले सुरू झाले, जुन्या कायद्यात ते नीट बसतात का ह्यावर वाद. तेव्हा ऑल पार्टी इंटरनेट ग्रुपने, डेरेक वायट अध्यक्ष होते, २००४ मध्ये ह्यावर चौकशी केली, तज्ज्ञांकडून लेखी म्हणणं मागवलं, सुनावण्या घेतल्या, आणि रिपोर्टमध्ये सांगितलं की नुसत्या हॅकिंगची शिक्षा सहा महिन्यांवरून दोन वर्षं करा आणि डिनायल ऑफ सर्व्हिसचं स्पष्ट करा. २००६ च्या पोलिस अँड जस्टिस ॲक्टमध्ये हे दोन्ही झालं, इंग्लंड-वेल्समध्ये लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. म्हणजे काहीही अधिकार नसलेल्या गटाच्या रिपोर्टपासून कायदा लागू होईपर्यंत चार वर्षं. सावकाश आहे, पण होतं.

उलटंही सांगायलाच हवं. २००९ च्या लंडनमधल्या लाकनल हाऊस ह्या रहिवासी इमारतीच्या आगीनंतर, ज्यात सहा जण गेले, अग्निसुरक्षेच्या एपीपीजीने मंत्र्यांना पत्रांवर पत्रं लिहिली की इमारतींचे आगीचे नियम तपासा. नियमांची ती फेरतपासणी वेळेत झाली नाही, आणि १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. गट बरोबर होता, इंजिनिअरिंग बरोबर होतं, आणि तरी मंत्री हलले नाहीत. म्हणून नुसतं एपीपीजीला सांगून थांबू नका, तेच म्हणणं दोन-तीन दारांनी आत गेलं पाहिजे.

गट शोधायचा कसा

संसदेच्या वेबसाईटवर रजिस्टर ऑफ ऑल पार्टी पार्लमेंटरी ग्रुप्स आहे, साधारण दर सहा आठवड्यांनी नवीन आवृत्ती येते. कायम सगळ्यात नवीनच उघडा, जुन्या पीडीएफवर जाऊ नका, अध्यक्ष बदलतात, गट बंद पडतात. प्रत्येक गटाच्या पानावर हेतू, ऑफिसर म्हणजे पदाधिकारी कोण, संपर्क कुठे करायचा, सेक्रेटरिएट कोण चालवतं आणि पैसे किंवा इतर मदत कुणाकडून आली हे असतं. एका वर्षात एकाच ठिकाणाहून १,५०० पौंडांपेक्षा जास्त किमतीची मदत आली तर ती नोंदवावी लागते.

हा शेवटचा भाग नीट वाचा. बहुतेक गटांचं रोजचं काम, म्हणजे बैठका ठरवणं, वक्ते बोलावणं, रिपोर्टचा मसुदा, हे बाहेरची संस्था करते. कधी ती व्यावसायिक संस्था असते, कधी धर्मादाय, कधी लॉबिंग करणारी कंपनी आणि तिच्या मागे मोठमोठ्या टेक कंपन्या. उदाहरणार्थ एआयच्या एपीपीजीचं सेक्रेटरिएट २०१७ मध्ये गट सुरू झाला तेव्हा बिग इनोव्हेशन सेंटरने घेतलं, स्टेममधल्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विविधतेच्या गटाचं ब्रिटिश सायन्स असोसिएशनने. बाहेरचं कुणी चालवतं म्हणजे वाईट असं मुळीच नाही, सेक्रेटरिएट नसेल तर गट कागदावरच राहतो. पण तुमचा मुद्दा पैसे देणाऱ्यांच्या हिताच्या विरुद्ध जाणारा असेल तर फक्त सेक्रेटरिएटला मेल टाकून वाट बघत बसू नका, ऑफिसर असलेल्या खासदारांनाही थेट लिहा.

नियम २०२३ मध्ये बरेच कडक झाले आणि २०२४ पासून पूर्ण लागू आहेत. गटाला किमान २० सदस्य हवेत, चार ऑफिसर, त्यात सत्ताधारी पक्षाचा आणि मुख्य विरोधी पक्षाचा माणूस असायलाच हवा, एका खासदाराला सहापेक्षा जास्त गटांत ऑफिसर होता येत नाही, आणि परदेशी सरकारच्या पैशावर सेक्रेटरिएट चालवायला बंदी. ह्यामुळे नावापुरते चाललेले बरेच गट गळाले, जे झालं ते चांगलंच झालं. म्हणूनच कुणी उत्साहात म्हणालं की आपण आपल्या विषयाचा नवीन एपीपीजी काढायला लावू, तर त्याला थांबवा. चार ऑफिसर शोधताना दमछाक होते. आहे त्या गटात शिरून एखादी बैठक तुमच्या विषयावर ठेवायला लावणं कितीतरी सोपं आणि परिणाम तोच.

सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे पार्लमेंटरी अँड सायंटिफिक कमिटी, १९३९ पासूनची, नावात कमिटी असली तरी तीही एपीपीजीच. आयटीतल्या जुन्या लोकांना पिटकॉम हा आयटीचा संसदीय गट आठवत असेल, १९८१ मध्ये सुरू झालेला, तो २०११ मध्ये दुसऱ्या एका गटात मिसळून पिक्टफॉर झाला. जुन्या लेखांत ही नावं दिसली की घोळ होतो म्हणून सांगून ठेवलं. स्कॉटलंड आणि वेल्सच्या संसदेत क्रॉस पार्टी ग्रुप असतात, त्यांचे नियम वेगळे, तिथे राहत असाल तर दोन्हीकडे बघा.

सुरुवात स्वतःच्या खासदारापासून

एपीपीजीच्या अध्यक्षाला लिहायचा मोह होतो पण पहिला मेल स्वतःच्या मतदारसंघातल्या खासदारालाच. तिथे पक्की रीत आहे की खासदार आपल्या मतदारसंघात राहणाऱ्यांचंच काम बघतो, दुसऱ्याच्या मतदाराला उत्तर देत नाही. त्यामुळे मेलमध्ये पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाकाच, पोस्टकोड नसलेला मेल ऑफिसातला स्टाफ बाजूला ठेवतो, त्यात त्यांचा दोष नाही.

"पण माझा पासपोर्ट भारतीय आहे, मी व्हिसावर आहे" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. एक, तुम्ही तिथे राहता ना, मग तो तुमचा खासदार आहे, पासपोर्ट कुठला हा प्रश्नच येत नाही. दोन, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे यूकेत वैध परवानगीने राहणारे भारतीय नागरिक नाव नोंदवून तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानही करू शकतात. किती जणांना हे वर्षानुवर्षं माहितीच नसतं. आधी नाव नोंदवा, मग पुढचं वाचा.

खासदाराला भेटायचं असेल तर शुक्रवार बरा, सोमवार ते गुरुवार ते बहुतेक वेस्टमिन्स्टरला असतात, शुक्रवारी मतदारसंघात. त्या भेटीच्या वेळेला सर्जरी म्हणतात, ऑफिसला फोन करून वेळ घ्यायची. दे वर्क फॉर यू ह्या साईटवर तुमच्या खासदाराने आतापर्यंत टेक्नॉलॉजीवर काय बोललंय, कसं मत दिलंय ते आधी बघून जा. त्याला ह्या विषयात अजिबात रस नसेल तरी हरकत नाही, त्याच्याकडून एवढंच मागा की माझं हे पान अमुक एपीपीजीच्या अध्यक्षांकडे पाठवाल का. खासदाराने खासदाराला पाठवलेला कागद वाचला जातो.

लॉर्ड्समधल्या सदस्यांना मतदारसंघ नसतो, तिथे कुणालाही लिहिता येतं. आणि तिथे आपले लोक आहेत, म्हणजे आपल्या पेशातले, लॉर्ड मेअर हे जमिनीखालच्या बांधकामाचे नावाजलेले इंजिनिअर, बॅरोनेस ब्राऊन ऑफ केंब्रिज ह्या इंजिनिअर. त्यांना विषय पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही, थेट मुद्द्यावर या.

एक पान, खरंच एकच पान

इथेच सगळं ठरतं आणि इथेच आपले हुशार लोक मार खातात. आपल्याला सवय चाळीस स्लाइडची, आर्किटेक्चर डायग्राम, सगळ्या शक्यता, सगळे अपवाद. खासदाराकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं आहेत आणि त्यातली दोन त्याचा रिसर्चर वाचून संपवतो. रिसर्चर म्हणजे बहुतेक वेळा पंचविशीतला कुणीतरी, इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकलेला, चुणचुणीत, पण एपीआय म्हणजे काय माहीत नसलेला. पान त्याच्यासाठी लिहा.

एका पानावर एकच मागणी. दोन असतील तर दोन पानं, दोन वेगळ्या वेळी. आणि मागणी अशी हवी की खासदाराला ती करता येईल. "कॉम्प्युटरचे कायदे आधुनिक करा" ही मागणी नाही, ही इच्छा आहे, ह्यावर तो "हो हो अगदी बरोबर" म्हणेल आणि तुम्ही खुश होऊन घरी याल. त्याऐवजी हे बघा, इंग्रजीत लिहाल तेव्हा साधारण अशा अर्थाचं लिहा:

"मी बँकांच्या सिस्टिम हल्ल्यापासून वाचवण्याचं काम करते आणि तुमच्या मतदारसंघात राहते. १९९० च्या कॉम्प्युटर मिसयूज ॲक्टच्या कलम १ खाली परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं गुन्हा आहे, ते बरोबरच आहे. पण एखाद्या संशोधकाला चांगल्या हेतूने दुसऱ्याच्या सिस्टिममधली त्रुटी दिसली आणि त्याने ती तपासून कळवली, तर जनहितासाठी केलं असा बचाव त्या कायद्यात नाही. त्यामुळे बरेच जण त्रुटी दिसली तरी गप्प बसतात, आणि ती त्रुटी चोराला सापडते. गृहमंत्र्यांना लेखी प्रश्न विचाराल का, की असा बचाव कायद्यात आणण्याबद्दल सरकार काय करतंय."

बघा ह्यात काय आहे. तुम्ही कोण, कुठे राहता, कायदा कुठला आणि कलम कुठलं, त्यातलं काय बरोबर आहे तेही मान्य केलंय, नुकसान कुणाचं होतं, आणि शेवटी अगदी छोटी मागणी जी रिसर्चर दहा मिनिटांत करू शकतो. लेखी प्रश्न ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक मागतात, खरं तर सगळ्यात स्वस्त हत्यार तेच आहे, खासदाराने विचारला की खात्याला उत्तर द्यावं लागतं, साधारण आठवड्याभरात येतं, कायमचं नोंदीत राहतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही म्हणू शकता की मंत्री अमुक तारखेला असं म्हणाले होते.

आकडा द्यायचा तर असा द्या जो तुम्हाला छापील दाखवता येईल. खासदाराने सभागृहात तुमचा आकडा वापरला आणि तो चुकीचा निघाला तर ते दार तुमच्यासाठी कायमचं बंद, तुमच्यानंतर येणाऱ्या इंजिनिअरसाठीही. जिथे इंजिनिअरांमध्येच मतभेद आहेत तिथे तसं स्पष्ट लिहा. "तज्ज्ञ एकमत आहेत" असं खोटं लिहू नका, त्यांना दुसरीकडून कळतंच.

संक्षेप सगळे काढून टाका. इंजिनिअर नसलेल्या मैत्रिणीला पान वाचायला द्या आणि कागद बाजूला ठेवून तिला विचारा की मी काय मागतेय. तिला एका वाक्यात सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

बैठकीला जाताना

बऱ्याच एपीपीजींच्या बैठका बाहेरच्यांना खुल्या असतात, सेक्रेटरिएटच्या मेलिंग लिस्टवर नाव टाका म्हणजे निमंत्रण येतं. मत मात्र फक्त सदस्यांना देता येतं, आपण ऐकायला आणि विचारायला. बैठक पोर्टकलिस हाऊसमध्ये, म्हणजे खासदारांच्या ऑफिसांच्या इमारतीत, असते किंवा पॅलेसच्या, म्हणजे संसदेच्या मुख्य इमारतीच्या, कमिटी रूममध्ये, कुठल्या दाराने यायचं ते निमंत्रणात नीट बघा. विमानतळासारखी तपासणी होते, रांग असते, अर्धा तास तरी हातात ठेवा.

घंटा वाजली की घाबरू नका. कॉमन्समध्ये मतदान लागलं की घंटा वाजते आणि खासदारांना मतदानाच्या लॉबीत पोचायला आठ मिनिटं असतात, तुम्ही बोलत असाल तरी ते उठून पळणार. अपमान नाही तो. ते गेल्यावर खोलीत उरतात लॉर्ड्स, स्टाफ, सेक्रेटरिएटचे लोक आणि इतर तज्ज्ञ, आणि खरं तर ह्या वेळात ओळखी होतात.

प्रश्न विचारायची वेळ आली की आधी नाव, काय काम करता, मग एक प्रश्न, अर्ध्या मिनिटात. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारा माणूस प्रत्येक बैठकीत असतो आणि अध्यक्ष त्याला पुढच्या वेळी हात वर केलेला दिसूनही बघत नाहीत.

एक कायद्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. सिलेक्ट कमिटीने स्वीकारलेल्या पुराव्याला संसदीय संरक्षण असतं, त्यातल्या मजकुरावरून तुमच्यावर बदनामीचा दावा टाकता येत नाही. एपीपीजीला हे संरक्षण नाही. म्हणजे अमुक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी जाणूनबुजून त्रुटी लपवली असं एपीपीजीच्या बैठकीत म्हणालात किंवा त्यांना लिहून दिलंत तर जबाबदारी सगळी तुमची. असं काही गंभीर असेल तर कमिटीचं दार वापरा, आणि कमिटीला दिलेलं म्हणणं त्यांनी छापायच्या आधी तुम्ही दुसरीकडे प्रसिद्ध करू नका, त्यांचा तसा नियम आहे.

नोकरीचं काय, हेही विचारलं जातं. स्वतःचं मत म्हणून खासदाराला लिहायला कंपनीची परवानगी लागत नाही, पण कंपनीचं नाव, क्लायंटचं नाव, आतली माहिती ह्यातलं काहीही वापरायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. आणि तुमचा स्वतःचा फायदा त्यात गुंतलेला असेल, समजा तुमची कंपनी तेच प्रॉडक्ट विकते ज्याची शिफारस तुम्ही करताय, तर ते पहिल्या ओळीतच सांगून टाका. सांगितलं की कुणाचं काही बिघडत नाही, नंतर बाहेर आलं की तुमच्याबरोबर तो खासदारही अडचणीत येतो.

संस्थेमार्फत जाणं

एकट्याने जमत नसेल तर संस्था आहेतच. कॉम्प्युटरवाल्यांची बीसीएस, इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजीवाल्यांची आयईटी, मेकॅनिकलवाल्यांची आयमेकई, सिव्हिलची आयसीई, वर रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग. ह्यातल्या आयसीई आणि आयमेकईच्या इमारती तर संसदेपासून चालत काही मिनिटांवर, एक ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर आणि दुसरी बर्डकेज वॉकवर. ह्यांच्याकडे पॉलिसीची टीम असते आणि त्या टीमला कायम असे सदस्य हवे असतात जे रोज प्रत्यक्ष काम करतात. तुम्ही मेंबर असाल आणि वर्षाची फी भरून फक्त नावापुढे अक्षरं लावत असाल तर पॉलिसी टीमला एक मेल टाका, मी अमुक विषयात इतकी वर्षं काम करते, पुढच्या वेळी प्रतिसाद लिहाल तेव्हा मला विचारा. बीसीएसने होरायझननंतर कॉम्प्युटरच्या पुराव्याचं ते गृहीतक बदला असं लावून धरलं, ते अशाच काम करणाऱ्या सदस्यांच्या जोरावर. सरकारने २०२५ च्या जानेवारीत त्यावर लोकांची मतं मागवली.

पीएचडी करणारे किंवा नुकतंच संशोधन सुरू केलेले असाल तर तुमच्यासाठी वेगळी दारं आहेत आणि ती जास्त रुंद आहेत. स्टेम फॉर ब्रिटन ही संसदेतच होणारी पोस्टर स्पर्धा, पार्लमेंटरी अँड सायंटिफिक कमिटी भरवते, इंजिनिअरिंगचा वेगळा विभाग असतो. निवड झाली की तुमच्या खासदाराला पोस्टर बघायला बोलवा, मतदारसंघातला कुणी आलाय म्हटल्यावर यायची शक्यता चांगली असते. पोस्टच्या फेलोशिपमध्ये पीएचडीचे विद्यार्थी साधारण तीन महिने संसदेत बसून पोस्टनोट लिहितात. रॉयल सोसायटीची पेअरिंग स्कीम २००१ पासून चालू आहे, त्यात संशोधकाची जोडी खासदाराशी किंवा सरकारी अधिकाऱ्याशी लावून देतात, दोघं एकमेकांचं काम जवळून बघतात. ह्या तिन्हींमध्ये मला पोस्टची फेलोशिप सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिथे तुम्ही आतून बघता की एखादा कागद कुठे वाचला जातो आणि कुठे पडून राहतो.

नंतरचं काम

बैठक झाल्यावर दोन दिवसांत मेल, चार ओळींचा, काय मागितलं होतं त्याची आठवण आणि ते एक पान जोडलेलं. महिन्याभरात काही हललं नाही तर ऑफिसला फोन, रागावून नाही, फक्त विचारायला. लेखी प्रश्न विचारला गेला तर उत्तर आल्यावर आभाराबरोबर लगेच सांगा की ह्या उत्तरात काय आलं आणि काय टाळलं. हे फॉलोअप रिसर्चरला फार आवडतं कारण त्याचं काम अर्धं होतं. पुढे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा मागायची का, एखाद्या विधेयकाला दुरुस्ती सुचवायची का, हे मग तेच तुम्हाला विचारायला लागतात.

आणि निवडणुकीवर लक्ष ठेवा. संसद विसर्जित झाली की सगळे एपीपीजी संपतात, नवीन संसदेत पुन्हा नोंदवावे लागतात, जुलै २०२४ नंतर तसंच झालं, ओळखीचे अध्यक्ष हरले, काही गट पुन्हा उभेच राहिले नाहीत. म्हणून तुमचं पान, आलेली उत्तरं, हॅन्सार्डमधल्या, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीतल्या, तारखा हे सगळं स्वतःकडे एका फोल्डरमध्ये ठेवा. निवडणूक झाली की पहिले काही महिने नवीन खासदार कुठल्या गटात जायचं हे ठरवत असतात, तेव्हा नवीन रजिस्टर उघडून, नवे ऑफिसर बघून, तारखा बदलून तेच पान पुन्हा पाठवायचं. तुमचा खासदार नवीन निवडून आलेला असेल तर पहिल्या महिन्यात त्याचं ऑफिस पूर्ण लागलेलंही नसतं, उत्तराला वेळ लागेल, तरी मेल टाकून ठेवा आणि दुसऱ्या महिन्यात सर्जरीची वेळ घ्या.